सर्वगुणसंपन्न रायफलीची थाप

गावाकडच्या रानडुकरांचा बंदोबस्त मुंबईत बसून करणाऱ्यांची लालबाग-परळला कधीच वाण नव्हती. गिरणगावातली निम्मी बिऱ्हाडं रत्नागिरी-सिंधुदुर्गची. गणपतीला गावी जाऊन आलेला माणूस मुंबईत उतरतो तो एक तक्रार घेऊनच: डुकरांनी भात लोळवलं, माकडांनी नारळ ठेवले नाहीत, आता तर गवे काजूच्या बागेत शिरतात. तक्रार खरी आहे. तिच्यात एक शब्द वाढवलेला नाही. माझं भांडण आहे ते तिच्यापाठोपाठ येणाऱ्या उपायाशी. ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत चहा फिरला की कोणीतरी मांडी बदलून सांगतो, "एकच रायफल व्हयी. डुकर काय नि गवो काय, सगळे आडवे." मग ती 'एकच रायफल' कोणत्या बोअरची, यावर रात्री साडेदहापर्यंत काथ्याकूट चालतो आणि सरकारकडे कसली मागणी करायची हे ठरायचंच राहून जातं.

या वादात तीन पक्ष आहेत. पहिला देशी पक्ष तीनशेपंधराचा. ईशापूरच्या कारखान्याची ०.३१५ ची रायफल आणि खडकीचं काडतूस. घरचं आहे, मिळतं, वाघापासून भेकरापर्यंत चालतं. दुसरा पक्ष अमेरिकन मासिकं वाचलेला. त्याचं दैवत ०.३०-०६, कारण जगात जिथे जाल तिथे त्याचं काडतूस मिळतं. तिसरा पक्ष आफ्रिकेतल्या शिकारकथांवर पोसलेला. तो हसून म्हणतो, अरे, १९१२ साली हॉलंड अँड हॉलंडनं ०.३७५ काढली तेव्हाच हा वाद संपला. हत्तीला पुरते, हरणाला जास्त होत नाही, विषय बंद.

तिघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: सर्व जनावरांना पुरून उरणारा एक बोअर असतो, फक्त तो कोणता एवढंच ठरवायचं आहे. माझं म्हणणं असं की तो नसतो, आपल्याकडे तो कधी नव्हता, आणि आज कोकणातल्या शेतकऱ्याला त्याची गरजही नाही.

आधी जनावरांकडे बघू. भेकर वीस-पंचवीस किलोचं. बिबट्या पन्नास-साठ किलोचा, कातडी पातळ, हाडं हलकी. पोसलेला डुक्कर शंभर किलोच्या आसपास, नर असेल तर खांद्यावर चिवट कातडीची ढालच असते त्याच्या. गवा मात्र आठशे-नऊशे किलोपर्यंत जातो आणि त्याच्या खांद्याच्या हाडामागे फुप्फुसापर्यंत पोचायचं तर गोळी फुटता कामा नये. बिबट्याच्या बाबतीत नेमकं उलट: गोळी आत जाऊन पसरली पाहिजे, नाहीतर ती आरपार निघून जाते आणि जखमी बिबट्या करवंदीच्या जाळीत जाऊन बसतो. तिथून पुढे त्याला शोधायला कोण जाणार, हा प्रश्न बैठकीत कोणी विचारत नाही. म्हणजे बोअर एकच ठेवला तरी गोळी एकच ठेवता येत नाही. नळीच्या व्यासावर तासभर बोलणाऱ्यांना गोळीच्या बांधणीवर पाच मिनिटं बोलता येत नाहीत, ही या वादाची खरी गोम आहे.

आकडे हवेच असतील तर घ्या. ०.३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅम; नळीतून निघते सेकंदाला सुमारे २,००० फूट वेगानं. टोक गोलसर, शिसं उघडं, काडतुसाच्या बुडाला कड. मुळात ऑस्ट्रियाच्या लष्करी मानलिखर काडतुसाच्या घराण्यातलं हे एकोणिसाव्या शतकातलं बाळ आहे. शंभर यार्डांवर नेम बसवला तर दोनशे यार्डांवर गोळी जवळजवळ वीतभर खाली उतरते. ०.३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी २,७०० फूट वेगानं जाते आणि त्याच अंतरात चार-पाच बोटंच खाली येते. ०.३७५ ची ३०० ग्रेनची गोळी साधारण २,५०० फूट वेगाची. नळीच्या तोंडाशी त्यांची ताकद मोजली तर अनुक्रमे सुमारे २,२००, २,९०० आणि ४,२०० फूट-पौंड. तिसरा पक्ष या शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून जिंकल्यासारखा बघतो. त्यानं हेही सांगावं की ०.३७५ चा खांद्याला बसणारा धक्का ०.३०-०६ च्या दुप्पट आहे, आणि धक्क्याला घाबरणारा माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो.

सराव केला की धक्का अंगवळणी पडतो, असं उत्तर येतं. सराव कशानं करणार? परदेशी बंदुकांची नागरी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. देशात ज्या ०.३७५ आहेत त्या आजोबांकडून नातवाकडे आलेल्या, आणि त्यांच्या काडतुसांचा भाव ऐकून माणूस ती उडवण्याऐवजी देव्हाऱ्यात ठेवेल. परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घ्यायची यालाही मर्यादा. नेम हा काडतुसं खर्ची घालून येतो, बोअर बदलून येत नाही. दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीमधून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली वेदपाठक-भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या त्या हवेच्या रायफलीवर. तिच्या छर्ऱ्यानं रानातलं काहीही मरत नाही. पण वरळीच्या रेंजवर तासन् तास उभं राहिलेल्या नेमबाजाच्या हाती तीनशेपंधरा द्या आणि हौशी शिकाऱ्याच्या हाती तीनशेपंच्याहत्तर द्या, मी कोणाच्या मागे उभा राहीन हे सांगायला नको.

इथे कॉर्बेटचं नाव येतं. येणारच. जिम कॉर्बेटनं सगळे नरभक्षक त्या हलक्या ०.२७५ रिग्बीनं मारले, म्हणजे हलक्या बोअरनंही सगळं होतं, हा चौथा, फुटीर पक्ष. त्यातलं निम्मं ऐकीव आहे. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी सांगतात. ती कॉर्बेटनं १९०७ साली मारली, आणि ती मारल्याबद्दल त्याला रिग्बी बक्षीस मिळाली. जी रायफल वाघीण मेल्यावर हातात आली तिनं वाघीण कशी मेली असेल? रुद्रप्रयागचा बिबट्या मात्र १९२६ साली त्याच ०.२७५ नं पडला. गुलाबराईला आंब्याच्या झाडावर मचाण, रात्रीमागून रात्री ताटकळणं, रायफलीला टॉर्च बांधलेला, अंतर थोडंसं, एक बार. ते यश कॉर्बेटचं, बोअरचं नव्हे. आणि वाघासाठी हाच माणूस जवळ जड दुनळीही बाळगत असे, हे सांगायला आपले लोक सोयीस्कर विसरतात.

तीच गत 'कारामोजो' बेलची. या स्कॉटिश माणसानं आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, बहुतेक याच ०.२७५, म्हणजे सात मिलिमीटरच्या रायफलीनं. त्यासाठी त्यानं हत्तीच्या कवट्या कापून मेंदू नेमका कुठे, कोणत्या कोनातून किती आत, याचा अभ्यास केला होता. एवढं केल्यावर बोअर दुय्यम ठरतो, कबूल. पण आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी ०.३७५ पेक्षा लहान बोअर कायद्यानंच चालत नाही. कारण कायदा बेलसाठी लिहीत नाहीत, तो तुमच्या-माझ्यासाठी लिहितात. बेलचं उदाहरण देणाऱ्यानं आधी डुकराचं काळीज कुठे असतं ते सांगावं. दहातले आठ जण खांद्याच्या बरेच मागे बोट दाखवतील, आणि तिथे बार बसला की जनावर पोटात गोळी घेऊन दोन दिवस फिरतं.

आता 'आपल्या जुन्या शिकाऱ्यांनी पारखून घेतलेला बोअर' या दाव्याकडे वळतो, कारण तीनशेपंधराचा सगळा मान यावर उभा आहे. त्यांनी तो पारखून घेतला नाही, त्यांच्या गळ्यात पडला. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानात आणि सुदानात ०.४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसं आणायला बंदी केली. भीती जनावराची नव्हती. बंडखोरांच्या हाती लागलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना त्यातल्या गोळ्या वापरता येतील, ही होती. मग इंग्रज बंदूकवाल्यांनी ०.४७०, ०.४६५ असे नवे बोअर काढले, आणि आज शौकीन लोक त्या आकड्यांत शिकारशास्त्राचं गुपित शोधतात. तसंच ०.३०३ चं. ती फौजेची, म्हणून सर्वसामान्यांना बंद. मग बीएसए या बंदूक कंपनीनं त्याच ली-एनफिल्डच्या सांगाड्यावर ०.३१५ ची रायफल हिंदुस्थानच्या बाजारासाठी बसवली, कारण ते काडतूस इथल्या फौजेच्या बंदुकीत जात नव्हतं. स्वातंत्र्यानंतर तोच वारसा ईशापूरनं चालवला, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'निषिद्ध बोअर' ही कल्पना तशीच राहिली. थोडक्यात, तीनशेपंधरा ही गृह खात्याची निवड आहे. वाघाचं मत कोणी विचारलं नव्हतं. रायफल वाईट आहे असं मी म्हणत नाही. दणकट आहे, साधी आहे, चिखलात पडली तरी चालते. पण तिला 'बहुगुणी' म्हणणं म्हणजे रेशनवर मिळालेल्या तांदळाला आपण चवीनं निवडला म्हणण्यासारखं आहे.

आणि जुने शिकारी एकाच रायफलीवर कधी राहिले? १५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत आठ जणांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यातले दोघे आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग, ज्यांनी गिरगावात ज्याच्या नावाचा नाका आहे तो प्रार्थना समाज १८६७ साली स्थापला, आणि डॉ. सखाराम अर्जुन. या सोसायटीच्या नियतकालिकात पुढची कित्येक दशकं शिकारी साहेबांची टिपणं येत राहिली. जनावरांची मापं, सवयी, जखमी वाघाचं वागणं यांबद्दल त्या टिपणांत सोनं आहे. पण ही टिपणं लिहिणारे साहेब रानात निघत ते बंदुकांचा ताफा घेऊन: वाघ-गव्याला जड दुनळी, हरणाला मधल्या बोअरची मॅगझिन रायफल, पाखरांना बारा बोअर, आणि भरलेली बंदूक हातात द्यायला एक माणूस पाठीशी. एकच बंदूक असायची ती हाक्यातल्या पाटलाकडे, आणि ती बहुधा ठासणीची. 'एका रायफलीत सगळं' ही हौस साहेबाची नाही, गरजवंताचीही नाही. ती घरबसल्या वाचणाऱ्याची आहे.

कोणी म्हणेल, इतिहास राहू द्या, आज काय? आजचं तर अधिकच सोपं आहे. १९७० साली वाघाची शिकार देशभर बंद झाली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात 'मोठी शिकार' नावाची खरोखरची अनुसूची होती, चितळ-सांबरासारख्या जनावरांची, आणि तिच्यासाठी परवाना मिळायचा. १९९१ च्या दुरुस्तीनं तो परवानाही गेला. म्हणजे मोठ्या शिकारीसाठी बहुगुणी बोअर निवडणं हा उद्योग भारतात तीन दशकांहून अधिक काळ कायद्यानंच निरर्थक आहे. उरलं ते कलम ११. वाघ, बिबट्या, गवा यांसारखं पहिल्या अनुसूचीतलं जनावर माणसाच्या जिवाला धोका झालं, किंवा बरं न होण्याइतकं जायबंदी वा आजारी झालं, आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं, दुसरीकडे हलवणं यातलं काहीच शक्य नाही अशी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री झाली, तरच मारण्याचा लेखी आदेश निघतो. डुकराचं तसं नाही. उभ्या पिकाला धोका आहे एवढ्यावरही त्याला मारायची परवानगी देता येते, आणि ती अधिकृत वन अधिकारी देऊ शकतो.

म्हणजे जे 'डुकर काय नि गवो काय' आपले लोक एका दमात म्हणतात ते कायद्यानं आधीच वेगळं केलं आहे. गवा शेतकऱ्यानं मारायचा नाहीच. मग त्याला गव्याला पुरेल अशी रायफल कशाला? बहुगुणी बोअरचा सगळा युक्तिवाद जड जनावर यादीत असेपर्यंतच चालतो. ते यादीतून काढलं की मागे राहतो तो तीस पावलांवर, रात्री, भाताच्या बांधावर उभा असलेला डुक्कर.

वाघाचा आदेश निघाला तेव्हा तरी बोअरनं काय केलं? यवतमाळच्या पांढरकवडा-राळेगाव भागातली टी-१, लोक जिला अवनी म्हणतात, तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली. मुंबईतही निदर्शनं झाली, वर्तमानपत्रं पेटली, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची समिती चौकशीला बसली. वाद कशावर झाला ते आठवा: आधी बेशुद्ध करायचा खरा प्रयत्न झाला का, बेशुद्धीचा बाण बंदुकीतून सुटला की नंतर टोचला, रात्रीची वेळ का, वाघीण तोंड फिरवून असताना गोळी का. शिकाऱ्याची पात्रता आणि आदेशातल्या अटी यांच्यावर सगळी खडाजंगी झाली. रायफल केवढ्या बोअरची होती हा वादाचा मुद्दाच नव्हता.

आता विरोधकांचं एक म्हणणं मी बिनशर्त मान्य करतो. ठासणीची बंदूक शेतकऱ्याच्या गळ्यात मारणं ही क्रूर थट्टा आहे. ज्यांनी ती भरताना पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज, शेवटी घोड्याखाली केप बसवायची. हे सगळं काळोखात, डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिक, आणि सप्टेंबरच्या पावसात. दारू दमट झाली की केप नुसती 'फट्' करते आणि डुकरांचा कळप निवांत पुढच्या वाफ्यात जातो. बार झाला तरी तो एकच. नंतरची दोन मिनिटं माणूस निःशस्त्र, समोर बहुधा जायबंदी डुक्कर. यात माणसं फाडली गेली आहेत.

पण यावरचा उपाय रायफल नव्हे. रायफलीची गोळी चुकली तर तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. कोकणातली वाडी कशी असते? या टेंबावर चार घरं, त्या परड्यात दोन, मधे व्हाळ, पलीकडून शाळेची वाट. बांधावर उभं राहून जिकडे नळी कराल तिकडे त्या टप्प्यात कोणाचं तरी अंगण येतं, आणि जांभ्याच्या कातळावर आपटून उडालेली गोळी कुठे जाईल ते ब्रह्मदेवही सांगणार नाही. डुक्कर समजून सोबत्यावरच बार टाकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या छर्ऱ्यांच्या बंदुकीच्या असतानाही. तिथे रायफल दिली तर बातमी वाडी ओलांडून शेजारच्या गावातून येईल.

शस्त्र कायदा करणाऱ्यांना हे कळत होतं. कलम १३ चं पोटकलम ३ वाचा. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यायचा, आणि ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर साध्या नळीची, म्हणजे आपल्या बोलण्यातली बारा बोअर, देता येते. वाट तिथेच लिहून ठेवली आहे. बारा बोअरचं काडतूस पावसात भिजून फसत नाही, दुनळीत दुसरा बार हाताशी असतो, जाड छर्ऱ्याचा मार तीस-पस्तीस पावलांवर डुकराला पुरतो आणि चुकलेला छर्रा काहीशे मीटरांत जमिनीवर पडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. त्यातली एक जागा मिरवण्याच्या रायफलीसाठी अडवून ठेवण्यात कसलं शहाणपण?

बंदूक असूनही ती वेळेवर हातात नसते, हे दुखणं तर वेगळंच. निवडणूक आली की आचारसंहितेच्या नावाखाली शेतकऱ्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. २०१९ ची विधानसभा निवडणूक २१ ऑक्टोबरला झाली. ऐन कापणीत. डुकरांना आचारसंहिता नसते. आणि ज्याला बंदूक परत मिळत नाही, परवान्याचं नूतनीकरण होत नाही, वन खात्याचा होकार येत नाही, तो अखेर तारेची फासकी लावतो. फासकीला बोअर नसतो, परवाना नसतो, आणि निवडही नसते. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे तडफडून मरतात. रायफलीच्या गप्पांत रात्र घालवणाऱ्यांच्या तोंडून या फासकीबद्दल चकार शब्द निघत नाही, याचा मला खरा राग आहे.

तेव्हा मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना एक विनंती. पुढच्या बैठकीत बोअरवर मतदान घेऊ नका. ठराव करायचाच तर हे मागा: कलम १३(३) प्रमाणे ठासणीऐवजी बारा बोअरचा परवाना, पीक उभं असताना शेतकऱ्याची बंदूक सरसकट जमा न करण्याचा लेखी आदेश, आणि डुकराच्या परवानगीच्या अर्जावर वनक्षेत्रपालानं ठरावीक दिवसांत उत्तर देण्याचं बंधन. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, दुसरी आमदारांना, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.